अडून बसलेली शिम

इंजिनाचा आवाज वाढला की माणूस गॅरेज गाठतो आणि आवाज कमी झाला की खूश होतो. खरं तर घाबरायचं ते दुसऱ्या वेळी. टॅपेट टकटक वाजत असेल तर व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट जरा वाढली आहे, एवढंच. थोडी झीज होईल, थोडी ताकद कमी पडेल, पण दुखणं कानावर तरी येतं. फट संपत आली की इंजिन गोड वाजायला लागतं आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता मिटलेला असताना सीटला देतो. तो सीटला नीट टेकलाच नाही, तर ती उष्णता त्याच्याच अंगात राहते, जळते वायू कडेने निसटतात आणि व्हॉल्व्हची कड जळते. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, चढाला दम तोडते आणि शेवटी अख्खं हेड उतरवायची वेळ येते.

माहूरला हे दुखणं लवकर गाठतं. गाव चढाचं. गावातून रेणुकामातेच्या गडावर आणि पुढे अनसूयामाता, दत्तशिखराकडे जाणारा रस्ता वळत वळत चढतच राहतो. नवरात्रात गर्दीमुळे खाजगी गाड्या खाली थांबवून लोकांना एसटीने वर नेतात. बाकी वर्षभर मात्र दर्शनाला दुचाकीच जाते: दोघं मोठे, मध्ये एक लेकरू, हँडलला नारळाची पिशवी, गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. वेग कमी म्हणून वारा कमी, भार जास्त म्हणून ताप जास्त. त्यात पैनगंगेकाठच्या आणि किनवटकडच्या कच्च्या रस्त्यांचा फुफाटा. एअर फिल्टर वेळेवर झाडला नाही तर हीच धूळ आत जाऊन इनलेटची सीट घासते. सीट आणि व्हॉल्व्हचं तोंड झिजलं की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होते. झिजेने फट वाढते हा सर्वसाधारण समज इथे उलटा पडतो. म्हणून दोन उन्हाळे या घाटात काढलेली गाडी शांत चालायली असली तरी एकदा फट मोजून घ्यावी.

स्प्लेंडर, प्लॅटिना किंवा पल्सर १५० वाल्यांचं यात काही अडत नाही. टॅपेटचं झाकण काढायचं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, लॉकनट सैल करून फिलर गेजची पट्टी घालायची, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हापासून खेडोपाडीच्या मिस्त्रींनी हे काम हातात भिनवून घेतलं आहे. पट्टी अडकत अडकत सरकली पाहिजे, हे ते पोराला पहिल्या महिन्यातच शिकवतात. जुन्या बिडाच्या बुलेटला तर पट्टीही लागत नसे. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये, एवढी कसोटी पुरायची. बुलेटच्याच पुढच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले आणि तेही काम उरलं नाही.

मग चाकणहून केटीएमची ड्यूक आली. २०१२ मध्ये २०० सीसीची, पुढच्या वर्षी ३९० ची. २०१७ च्या अखेरीस टीव्हीएसची आरआर ३१०, २०१९ पासून दोन कॅमची डोमिनार, २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४००. या गाड्या आता नांदेड-लातूरच्या कॉलेजांसमोरच नाहीत, तालुक्याच्या गावातही दिसतात. यांच्या हेडमध्ये फिरवायला स्क्रू नाही. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे मारतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्या वेगात रॉकरच्या टोकावर स्क्रू आणि नट नाचवणं म्हणजे नको ते वजन उचलणं. म्हणून कॅमखाली एक हलकी पातळ बोटपट्टी आणि तिच्याखाली, व्हॉल्व्हच्या डोक्यावर, कडक पोलादाची छोटी चकती. हीच शिम. फट बदलायची म्हणजे ही चकती काढून दुसऱ्या जाडीची बसवायची. जाडीचे टप्पे साधारणपणे ०.०५ किंवा ०.०२५ मिलिमीटरचे असतात. व्यास वेगवेगळे. जपानी इंजिनांत ७.४८ आणि ९.४८ मिलिमीटर हे दोन आकडे वारंवार भेटतात.

इथेच तालुक्याच्या गॅरेजचा हात थबकतो. 'याला आपण हात लावत नाही, नांदेडला न्या' हे उत्तर मी बऱ्याच ठिकाणी ऐकलं आहे आणि ते देणाऱ्याला मी दोष देत नाही. चुकलं तर भरपाई त्याच्याच गल्ल्यातून जाते. पण माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि फट मोजायची म्हणजे गाडी रात्रभर थंड झालेली हवी. सकाळी निघून संध्याकाळी परत, असं हे काम होत नाही. गाडी तिथे ठेवून एसटीने परत या, दोन दिवसांनी पुन्हा जा. ज्याची गाडी हीच कामावर जायची सोय आहे, तो हे टाळतो आणि व्हॉल्व्ह जळेपर्यंत टाळत राहतो. माझं म्हणणं असं की नीट हत्यारं, मॅन्युअल आणि सुटीचे दोन दिवस असतील तर हे काम घरच्या खोलीत होतं. अंगणात मात्र नको. उघडं हेड आणि वारा यांची भेट होऊ देऊ नये.

मोजणीत फार काही अवघड नाही. टाकी, रेडिएटरचे आडवे येणारे भाग, प्लग आणि हेडचं झाकण काढायचं. झाकण काढण्याआधी वरची सगळी धूळ पुसून घ्यायची, कारण झाकण निघताच ती खाली पडते. क्रँक इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हळूहळू फिरवून खुणा जुळवायच्या. चारही व्हॉल्व्हची फट पट्टीने मोजून कागदावर चार चौकोन काढून त्यात लिहायची. कागद हवाच. डोक्यात ठेवलेले चार आकडे संध्याकाळपर्यंत आपसात जागा बदलतात.

हिशेब असा: जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेली फट, उणे हवी असलेली फट. समजा शिम २.६० ची आहे, फट ०.०८ भरली आणि मॅन्युअल ०.१५ मागतं. मग २.६० अधिक ०.०८ म्हणजे २.६८, त्यातून ०.१५ गेले, राहिले २.५३. बाजारात २.५२५ ची मिळते. ती बसवली की फट ०.१५५ होते. फट कमी भरली की शिम पातळ हवी, हे लक्षात ठेवलं की बेरीज-वजाबाकीत गफलत होत नाही.

आता कॅम काढायचा. चेनच्या कडीवर आणि दोन्ही स्प्रॉकेटवर रंगाने खूण करायची, टेन्शनर बाहेर घ्यायचा, चेन तारेने वर बांधून ठेवायची आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं कोंबायचं. हे फडकं विसरायचं नाही. त्या बोगद्यात पडलेली चकती थेट क्रँककेसमध्ये जाते आणि मग एका शिमपायी इंजिनाचा तळ उघडावा लागतो. कॅमला वरून धरणाऱ्या पुलाचे बोल्ट एकदम नाही, आडवे-तिरपे, प्रत्येक वेळी थोडे थोडे सैल करायचे. घाईत एक बाजू मोकळी केली तर स्प्रिंगच्या दाबाने अॅल्युमिनियमचा पूल तडकू शकतो आणि तो हेडबरोबरच घडवलेला असल्याने बहुधा सुटा मिळत नाही. पूल आणि कॅम बाहेर आले, बोटपट्टी बाजूला झाली, की खाली शिम दिसते. छोटी, तेलाने चमकणारी, हाताच्या अंतरावर.

आणि ती निघत नाही.

नखाने खरवडून पाहतात, चिमट्याने पकडायला जातात, चिमटा गुळगुळीत कडेवरून निसटतो. चुंबक लावला तर कधी कधी खालची स्प्रिंगची वाटीच ओढल्यासारखी वाटते, शिम मात्र जागची हलत नाही. गंजली असेल, ठोकून बसवली असेल, गरम होऊन चिकटली असेल अशी शंका येते. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. तिला तेलाने धरलेलं असतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून वरची सरळ उचलायचा प्रयत्न करा, तसंच हे. दोन सपाट, घोटीव पृष्ठभागांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. वरचा भाग सरळ उचलायचा तर मध्ये पोकळी व्हायला लागते, ती भरायला तेल कडेने आत यावं लागतं आणि थर जितका पातळ तितकं ते सावकाश येतं. हवेला आत शिरायला वाट नसते, म्हणून बाहेरच्या हवेचा दाब चकतीला खाली धरून ठेवतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ योझेफ श्टेफान यांनी १८७४ मध्ये याच ओढीचा अभ्यास मांडला होता. टूलरूममध्ये शिकलेल्या पोरांना ही गोष्ट दुसऱ्या वाटेने माहीत असते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या ठिकाणी काम केलेल्या कुणालाही विचारा, दोन स्लिप गेज, म्हणजे मापाचे घोटीव ठोकळे, एकमेकांवर सरकवून बसवले की ते हाताने ओढून सुटत नाहीत. ते सोडवायचे तर सरकवूनच सोडवायचे.

एवढं कळलं की उपाय आपोआप सुचतात. ओढायचं नाही, कड मोकळी करायची. आधी शिमभोवतीचं तेल फडक्याच्या टोकाने किंवा टिपकागदाने शोषून घ्यायचं. मग बारीक नळीने हवेचा झोत कडेवर तिरपा मारायचा. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मिळाला तर उत्तम, पण झोत हलका हवा आणि शिमवर दुसऱ्या हाताने फडकं धरलेलं हवं, नाहीतर ती उडून खोलीच्या कोपऱ्यात जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच. झोताने हवा एकदा खाली शिरली की शिम स्वतःच हलते. कॉम्प्रेसर नसेल तर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची टोकदार काडी घेऊन कडेवर हलकेच बाजूने दाबायचं, म्हणजे चकती खोबणीत किंचित फिरते. फिरली की तेलाची पकड सुटत आली असं समजावं. मग चुंबकाची कांडी मधोमध न लावता कडेला लावायची आणि सरळ वर न ओढता तिरपी करायची. एक बाजू आधी सुटते, हवा शिरते, दुसरी बाजू मागून येते.

इंजिन थंड हवं ते मोजणीसाठी. शिम काढताना मात्र ऊब उपयोगाची. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि पातळ तेल लवकर वाहतं. हिवाळ्यात माहूरच्या डोंगरावर सकाळी चांगलंच गार असतं. अशा वेळी केस वाळवायच्या यंत्राची ऊब हेडवर पाच-सात मिनिटं दिली तरी अडून बसलेली शिम ऐकते. उघड्या हेडजवळ ज्योत मात्र कधीही न्यायची नाही. पेट्रोलची वाफ आसपास असतेच.

बकेटवाल्या, म्हणजे बोटपट्टीऐवजी व्हॉल्व्हवर उलटी टोपी असलेल्या, इंजिनात थोडा फरक आहे. तिथे बकेट उचलली की शिम कधी खाली वाटीत राहते, कधी बकेटच्या पोटाला चिकटून वर येते. बकेट उचलताना पहिल्यांदा तिच्या आत पाहावं, कारण पोटाला चिकटलेली शिम हात वळवताना सुटते आणि बरोबर तिथेच पडते जिथे फडकं नसतं. जुन्या जपानी चार सिलिंडरवाल्या काही इंजिनांत शिम बकेटच्या डोक्यावर असते आणि बकेट खास हत्याराने दाबून ती काढतात. बकेटच्या काठाला खाच असते. हत्यार लावायच्या आधी ती खाच आपल्या बाजूला फिरवून घ्यायची आणि झोत किंवा काडी त्या खाचेतून घालायची. खाच पलीकडे राहिली तर बाहेर यायची वाटच बंद. आपल्या भागात असं इंजिन क्वचितच दिसतं, पण शिम निघत नाही अशी तक्रार सगळ्यात जास्त यांचीच.

न करायच्या गोष्टी दोनच सांगतो, कारण त्यांनी इंजिनं वाया गेलेली मी पाहिली आहेत. पहिली म्हणजे स्प्रिंगच्या वाटीवर पेचकसाचा टेकू देऊन शिम उचकटणं. ती वाटी व्हॉल्व्हच्या दांड्याला धरणाऱ्या दोन बारीक कोलेटवर उभी असते. वाटी तिरपी दाबली गेली तर कोलेट निसटतात, स्प्रिंग सुटते आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरतो. पाच मिनिटांचं काम हेड उतरवण्यावर जातं. दुसरी म्हणजे हवी ती शिम नाही म्हणून जुनी पॉलिशपेपरवर घासून पातळ करणं. हा उद्योग सर्रास चालतो आणि तो करणारे हुशार कारागीर असतात, म्हणूनच ठासून सांगायला हवं. शिमचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतात. हाताने घासताना दोन्ही गोष्टी जातात. तिरप्या शिमवर बोटपट्टी एकाच कडेवर घासते, शिम आणखी झिजते, फट पुन्हा बदलते आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर दोष गाडीच्या कंपनीला दिला जातो.

काढलेल्या शिमवर जाडी कोरलेली असते, पण तिच्यावर विसंबू नये. झीज झाली असेल तर आकडा खोटा ठरतो आणि बऱ्याचदा तो पुसलेलाच असतो. मायक्रोमीटरने मोजावं. व्हर्निअरने नाही, तेवढी बारकी जाडी त्याच्या आवाक्यातली नाही. चुंबकाने काढलेली शिम पुन्हा बसवायची असेल तर ती स्वच्छ पुसून घ्यावी, कारण तिला थोडं चुंबकत्व आलं तर लोखंडाचा बारीक चुरा तिला धरून राहतो. आणि नवी विकत घ्यायच्या आधी कागदावरचे चार चौकोन पाहावेत. चार व्हॉल्व्हच्या शिमा आपसात बदलून दोन जागा भागतात, असं पुष्कळदा होतं.

आता माझी खरी तक्रार. ड्यूक, डोमिनार, स्पीड ४०० या गाड्या चाकणला बनतात. बजाजने केटीएममध्ये २००७ साली भागीदारी घेतली आणि पुढे याच कारखान्यातून इंजिनं जगभर जाऊ लागली. महाराष्ट्राला याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण चाकणपासून सहाशेएक किलोमीटरवरच्या माहूरच्या गॅरेजला २.५२५ ची एक शिम हातात पडायला आठवडा लागणार असेल, तर त्या मिस्त्रीने पॉलिशपेपर उचलला याचं नवल वाटून घेऊ नये. मॅन्युअलमधला फटीचा आकडा, बोल्टचा टॉर्क, टायमिंगच्या खुणांचं चित्र, या तीन गोष्टी त्याला मराठीत, एका पानावर मिळाल्या तर तो हे काम आजच करू शकेल. पट्टी अडकत अडकत सरकते म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळलेलं आहे आणि ते कुठल्याही प्रशिक्षण वर्गात दोन दिवसांत शिकवता येत नाही.

हे मागणं जगावेगळं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग, हत्यारं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाने मांडलेलं तत्त्व स्पष्ट होतं: गाडी विकली म्हणून तिच्या दुरुस्तीवर कायमची मालकी मिळत नाही. तो आदेश चारचाकींपुरता होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं संकेतस्थळ सुरू झालं आणि त्यात वाहनं हे एक क्षेत्र आहे. कंपन्यांनी त्यावर सेवा केंद्रांचे पत्ते टाकून थांबू नये. शिमचा पूर्ण डबा, जाडीनुसार लावलेला, माफक किमतीत तालुक्याच्या दुकानाला विकावा. इंजिन आखणाऱ्यांनीही मिस्त्रीचा विचार करावा. २०११ साली आपल्याकडे आलेल्या होंडाच्या सीबीआर २५० आरमध्ये रॉकर बाजूला सरकवून कॅम न काढताच शिम बदलता येते. म्हणजे ते जमतं, ठरवलं तर.

कंपन्या ठरवतील तेव्हा ठरवतील. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि ती या नवरात्राआधी होऊ शकते. माहूर, किनवट, पुसद, उमरखेड या चार गावांतल्या गॅरेजवाल्यांनी मिळून शिमचा एक डबा करावा. ज्याच्याकडे काढलेली, न झिजलेली शिम आहे त्याने ती मोजून, पुडीवर जाडी आणि व्यास लिहून त्यात टाकावी. ज्याला हवी त्याने आपली टाकून ती न्यावी. वहीत तारीख, गाडी, किलोमीटर, आधीची फट आणि नंतरची फट. दोनेक वर्षांत या घाटात कुठल्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह किती किलोमीटरवर घट्ट होतो, याची नोंद त्या वहीत असेल आणि अशी नोंद आज चाकणकडेही नसेल. सुरुवातीला लागणारा मायक्रोमीटर वर्गणीतून येईल. डबा आणि वही पुसदला ठेवणं सोयीचं, कारण पुसद चौघांत मोठं आणि तिथे एसटीने पुडी पाठवणं-मागवणं रोज जमतं. फक्त पुडी बंद करताना शिमला तेलाचा हात लावायला विसरू नये, पावसाळ्यात कोरडं पोलाद चार दिवसांत गंज धरतं.